टॉवेल सापडला म्हणून : जन्मावेळची इजा, सेरेब्रल पाल्सी आणि कायद्याची मदत

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय जड आहे, पण समोर बसलेल्यांपैकी काही घरांत तो रोजचा आहे. मूल दोन वर्षांचं होतं, तरी मान धरत नाही. पाय कात्रीसारखे आवळतात. घास गिळताना ठसका लागतो. डॉक्टर सांगतात, सेरेब्रल पाल्सी. घरातलं म्हातारं माणूस विचारतं, "जन्मताना रडलंच नव्हतं, तेव्हाच काही झालं असेल का?" आणि मग कुणीतरी म्हणतं, "केस करा."

या "केस करा"चं पुढे काय होतं, ते आज पाहायचं आहे. मी उपचारांवर बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी निकालपत्रं वाचतो. एखाद्या कादंबरीची समीक्षा करताना आपण विचारतो, लेखकाला काय दिसलं, काय दिसलंच नाही, कुणाला बोलू दिलं, कुणाला गप्प ठेवलं. हेच प्रश्न न्यायालयाच्या निकालांना विचारायला हवेत. कारण कायद्याची मदत मिळणार की नाही, हे त्या निकालांना काय दिसतं यावर ठरतं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. २०२१ च्या जानेवारी महिन्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसऐवजी १२ मुलांना हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. सगळ्यांना आठवत असेल. मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात नेलं, सुदैवानं मुलं बरी झाली. चौकशी झाली, निलंबन झालं, देशभर बातमी झाली. सगळं काही दिवसांत. का? कारण बाटली हातात होती. चूक दाखवता येत होती.

आता दुसरं चित्र. कुणा एकीची गोष्ट नाही ही, उदाहरण म्हणून धरा. पहिलटकरीण आहे. रात्री कळा सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात नेलं. सकाळपर्यंत "होईल, होईल" म्हणाले. मग कुणीतरी म्हणालं, बाळानं पोटात शी केली आहे. मग रेफर. मग गाडी. मग सिझर. बाळ रडलं नाही, त्याला काचेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी झटके आले. पंधरा दिवसांनी घरी सोडलं. इथे बाटली कुठे आहे? कुणाच्या हातात आहे? इथे चूक झाली असेल तर ती एखाद्या वस्तूत नाही, ती वेळेत आहे. रात्री दोन आणि सकाळी सात यांच्या मध्ये कुठेतरी आहे. झाली असेल तर. हा "तर" विसरू नका, त्याकडे मी परत येणार आहे.

आता पहिलं निकालपत्र. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. घटना १९६३ ची, औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमधली. खोडवांची पत्नी जुलै महिन्यात बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळ झालं. तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप, पोटदुखी, सूज. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. पहिल्या शस्त्रक्रियेत राहून गेलेला. त्याच महिन्यात ती बाई गेली.

खालच्या न्यायालयानं ३६ हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते फिरवलं. सरकारी दवाखान्यातल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असा तो दृष्टिकोन होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २० फेब्रुवारी १९९६ ला. म्हणजे जवळजवळ ३३ वर्षांनी. न्यायालयानं ते ३६ हजार परत दिले आणि एक फार मोठी गोष्ट सांगितली : सरकार दवाखाना चालवतं तेव्हा ते राजा म्हणून सार्वभौम काम करत नसतं. नोकरांच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारनं द्यायची.

सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईच्या दृष्टीनं हा आपल्या महाराष्ट्रातला महत्त्वाचा निकाल आहे. त्याचं मोठेपण मान्य करून मी त्यावर टीका करतो. निकालाचा सगळा जोर त्या टॉवेलवर आहे. कायद्यात एक जुनं तत्त्व आहे : वस्तूच बोलते. पोटात टॉवेल आहे म्हणजे कुणीतरी तो विसरलं, वेगळा पुरावा कशाला? खोडवांच्या प्रकरणात ते तत्त्व लागू पडलं. अगदी बरोबर. पण टॉवेल सापडला म्हणून. सापडला नसता तर तीच आई, तोच मृत्यू, तेच हॉस्पिटल असूनही ३३ वर्षांनंतर हात रिकामे राहिले असते.

सेरेब्रल पाल्सीमध्ये टॉवेल कधीच सापडत नाही.

आता दुसरं निकालपत्र. ते खोडवा निकालाच्या तीनच महिने आधीचं आहे, १३ नोव्हेंबर १९९५ चं. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता. याच निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. तोपर्यंत दिवाणी दावा हाच मुख्य रस्ता होता. लांब, महाग. शांता निकालानंतर ग्राहक मंचाचं दार उघडलं. आज त्याला जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात. यवतमाळलाही आहे. २०१९ च्या नव्या कायद्यात तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नागपूरच्या दवाखान्याविरुद्धची तक्रारही इथे करता येईल. दवाखान्याचं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. भरपाई कितीही मागा, दर्जा ठरतो तो तुम्ही भरलेल्या बिलावर.

मग अडचण कुठे आहे? अडचण त्याच निकालात आहे. न्यायालयानं म्हटलं की ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, तिथला रुग्ण ग्राहक नाही. केस पेपरचे नाममात्र पैसे घेतले तरी ते शुल्क मानायचं नाही. जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत मिळतं, तिथे मात्र मोफतवालाही ग्राहक.

कायद्याच्या भाषेत हे नीटनेटकं आहे. पैसे दिले तर ग्राहक, नाही तर नाही. पण आपल्या जिल्ह्यात ठेवून बघा. १६ तालुके. झरी जामणीच्या कोलाम पोडातली बाई, पुसदकडच्या तांड्यावरची बाई, बाळंतपणाला कुठे जाते? प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारनं आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली सेवा पूर्ण मोफत केली आहे. चांगलं केलं. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण शांता निकालाच्या शेजारी ठेवून वाचा : जितकं मोफत, तितकं स्वस्त आणि जवळचं दार बंद. जिला खाजगी दवाखान्याचे ४० हजार परवडले ती ग्राहक. जिला परवडले नाहीत तिला खोडवांचा रस्ता, म्हणजे दिवाणी दावा, सरकारला आधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, आणि मग वर्षं.

न्यायालयानं गरिबांना मुद्दाम बाहेर ठेवलं असं मी म्हणत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न "ग्राहक कोण" असा होता आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पण समीक्षक म्हणून मी म्हणेन, त्या निकालात बिल देणारा माणूस ठळक दिसतो. न देणारा एक अपवाद म्हणून येतो. आपल्या जिल्ह्यातल्या असंख्य घरांसाठी तो अपवाद हाच नियम आहे.

आता मघाच्या "तर"कडे येतो. हे न सांगता पुढे गेलो तर तुमची फसवणूक होईल. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी ही डॉक्टरची चूक नसते. लिटल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडलं की अवघड बाळंतपणामुळे हे होतं. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं, हो, तोच मनोविश्लेषणवाला, उलटी शंका काढली : बाळाच्या मेंदूत आधीच बिघाड असेल म्हणून बाळंतपण अवघड गेलं असेल तर? पुढे १९८६ मध्ये नेल्सन आणि एलनबर्ग यांच्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं की बहुतेक प्रकरणांत जन्मावेळी श्वास कोंडणं हे कारण नसतं. वेळेआधी जन्म, गर्भातला संसर्ग, जनुकीय दोष, जन्मानंतर वाढलेली कावीळ, कारणं अनेक आहेत. आपल्याकडे श्वास कोंडण्याचा आणि काविळीचा वाटा श्रीमंत देशांपेक्षा मोठा मानला जातो, हे खरं. तरीही एखाद्या मुलाबद्दल बोलताना "रडलं नाही म्हणजे डॉक्टरनं केलं" असं म्हणता येत नाही.

मग कशावरून कळतं? कागदावरून. कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके किती वेळाने मोजले, किती भरले. पार्टोग्राफ म्हणजे कळांच्या प्रगतीचा आलेख भरला का. सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आलं. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार गुण किती. पहिल्या दिवसात झटके आले का. मेंदूचा एमआरआय झाला असेल तर इजा कोणत्या भागात आहे. हे सगळं जुळलं तर बालमेंदूविकारतज्ज्ञ सांगू शकतो की इजा त्या तासांतली दिसते किंवा दिसत नाही. डॉक्टर निर्दोष असेल तर त्यालाही हाच कागद वाचवतो.

म्हणून मी म्हणतो, खोडवा प्रकरणात जे काम टॉवेलनं केलं, ते इथे केस पेपरनं करायचं आहे. टॉवेल कुणीही ओळखतो. केस पेपर वाचायला तज्ज्ञ लागतो, आणि त्याआधी तो हातात असावा लागतो.

इथे तीन घड्याळं एकमेकांविरुद्ध चालतात.

पहिलं घड्याळ मुलाचं. सेरेब्रल पाल्सी जन्मताच कळत नाही. "मोठं झालं की बसेल, मामाही उशिराच चालला होता" यात वर्ष जातं. निदान पक्कं होईपर्यंत दीड-दोन वर्षं सहज होतात.

दुसरं घड्याळ कायद्याचं. ग्राहक कायद्यात मुदत दोन वर्षांची. पुरेसं कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण तो हक्क नाही, आयोगाची मर्जी आहे.

तिसरं घड्याळ रेकॉर्ड रूमचं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरनं तीन वर्षं जपायची. त्यानंतर रद्दीत गेली तरी नियम मोडला असं म्हणता येत नाही.

आता तिन्ही एकत्र बघा. आईला कळतं तेव्हा दुसरं घड्याळ थांबायला आलेलं असतं आणि तिसऱ्याचं एक वर्ष उरलेलं असतं.

यावर न्यायालय काय म्हणतं? श्रीखंडे विरुद्ध अनिता सेना फर्नांडिस, २०१० चा निकाल. तक्रारदार बाई गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात नर्स. १९९३ ची शस्त्रक्रिया, पुढे अनेक वर्षांनी पोटात गॉज सापडला. न्यायालयानं तत्त्व चांगलं सांगितलं : इजा लपलेली असेल तर मुदत ती कळली तेव्हापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून मोजायची. आणि मग त्या बाईंची तक्रार फेटाळली. तुम्ही स्वतः नर्स, इतकी वर्षं दुखत होतं, तपासून का नाही घेतलं?

"वाजवी काळजी" हे दोन शब्द नीट ऐका. नर्सला लावलेलं माप पोडातल्या आईला लावायचं का? तिच्याकडे आशाताईचा सल्ला आहे, अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड आहे, जवळ तज्ज्ञ नाही. तिची वाजवी काळजी कोणती? तिच्या वकिलानं हेच मांडायला हवं : तिला कळलं ते अमुक तारखेला, निदानाचा कागद हा, मुदत इथून मोजा. श्रीखंडे निकाल बाईंच्या विरुद्ध गेला, पण त्यातलं तत्त्व आपल्या आईच्या बाजूनं वापरता येतं. निकाल असाही वाचता आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट वकिलांच्या कार्यालयांतही विसरली जाते. "दोन वर्षं झाली, आता काही होत नाही" हे वाक्य पूर्ण खरं नाही. दिवाणी दाव्यासाठी मुदतीच्या १९६३ च्या कायद्याचं कलम ६ आहे. मूल अज्ञान आहे तोवर मुलाच्या स्वतःच्या हक्काची मुदत त्याच्याविरुद्ध चालत नाही. १८ पूर्ण झाल्यावर कायद्यानं ठरवलेला काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं, मिळतो. आणि त्याआधीही आई किंवा वडील वादमित्र म्हणून, म्हणजे मुलाच्या वतीनं, दावा लावू शकतात. आईबापांचा स्वतःचा हक्क मात्र असा वाढत नाही. दार उघडं आहे, पण तिसरं घड्याळ आठवा. कागद नसताना उघड्या दाराचा काय उपयोग?

आता तिसरं निकालपत्र, व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तामिळनाडू राज्य, १ जुलै २०१५. निकाल लिहिला न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी, आपल्या नागपूरचे. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी २९ व्या आठवड्यात जन्मली, वजन १२५० ग्रॅम. अशा बाळांचे डोळे ठरावीक आठवड्यांत तपासावेच लागतात. ते सांगितलं गेलं नाही. दृष्टी गेली. न्यायालयानं सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले, आणि पुढच्या काळातली महागाई धरून हिशेब केला. सरकारी रुग्णालय, नवजात बाळ, आणि चूक अशी की जी केली नाही म्हणून झाली. टॉवेल नाही. केलेल्या नव्हे, न केलेल्या तपासणीची भरपाई. सेरेब्रल पाल्सीच्या घरांनी आपल्या वकिलापुढे पहिल्यांदा ठेवावा असा हा निकाल आहे.

तरी त्यातही दोन गोष्टी टोचतात. एक, मुलगी निकालाच्या वेळी अठरा वर्षांची झाली होती. दोन, झालेल्या खर्चाचे जवळजवळ ४३ लाख मिळाले, कारण बिलं होती. वडिलांनी मुलीला परदेशापर्यंत उपचाराला नेलं होतं. आपल्याकडच्या आईनं काय केलं? रोजी सोडली. निंदणाला, कापूस वेचायला जाणं बंद केलं. रोज मुलाला उचललं, भरवलं, पाय चोळले. याचं बिल कुणी दिलं?

इथे एक चांगलं वळण आहे आणि ते अपघाताच्या कायद्यातून आलं आहे. काजल विरुद्ध जगदीशचंद, २०२०. अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी न्यायालयानं दिवसा एक, रात्री एक अशा दोन मदतनिसांचा खर्च धरला, महिना ५-५ हजार, आणि तो १८ वर्षांच्या गुणकानं मोजला. म्हणजे सांभाळण्याच्या कामाला किंमत आहे, हे मान्य झालं. आणि १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालानं आधीच सांगून ठेवलं होतं की मुलाबरोबर आईबापही ग्राहक आहेत, त्यांच्या यातनेची भरपाई वेगळी. तेव्हा आईनं आजपासून एक वही ठेवावी. किती मजुरी बुडाली, किती वेळा नागपूरला गेलो, किती तिकीट, फिजिओथेरपीचे किती. बिल नसेल तर वहीच बिल.

आता मदत करणाऱ्यांवर बोलतो. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा. कलम १२ नुसार स्त्री, मूल, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं घर या कलमात दोन-तीन बाजूंनी बसतं. ग्राहक आयोगापुढेही ही मदत चालते. यवतमाळला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००.

मग टीका कशाची? टीका मदत सुरू होण्याच्या वेळेची. आपली कायदेविषयक शिबिरं हक्कांची यादी वाचून दाखवतात. माणूस ऐकतो, टाळ्या वाजवतो, घरी जातो. मदत म्हणजे वकील, आणि वकील म्हणजे कोर्ट, अशी आपली कल्पना. सेरेब्रल पाल्सीच्या घराला वकील शेवटी लागतो. आधी लागतो तो एक अर्ज : "माझ्या बाळंतपणाचे आणि बाळाचे सर्व कागद द्या." दवाखान्यानं ७२ तासांत द्यायचे, हे त्याच २००२ च्या नियमांत आहे. रुग्णाला कागद मिळालेच पाहिजेत हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात सांगितलं आहे. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारही आहे, ३० दिवस. हा अर्ज लिहायला सनद लागत नाही. हे काम मूल रुग्णालयातून घरी जाताना व्हायला हवं. जिथे बाळाला काचेत ठेवलं होतं, झटके आले होते, तिथे डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण कागदांची प्रत आईच्या हातात मिळावी. प्राधिकरणाचा स्वयंसेवक आठवड्यातून एकदा तिथे बसावा. माझी मागणी एवढीच आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

दुसरी टीका तज्ज्ञाबद्दल. २०१० च्या व्ही. किशन राव निकालानं सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ साक्षीदार लागतोच असं नाही. टॉवेलच्या प्रकरणात नाहीच लागत. आपल्या प्रकरणात लागतो. आणि एकाच जिल्ह्यात रोज भेटणारा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, यात दोष कुणाला देणार? प्राधिकरणानं बाहेरच्या विभागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून लेखी मत मागवण्याची पद्धत लावावी. मोफत वकील दिला आणि मत मागवलंच नाही, तर ती मदत अर्धी राहते.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. डॉक्टरनं चूक केली तर ग्राहक आयोग आहे. वकिलानं दोन वर्षांची मुदत घालवली तर त्याच्याविरुद्ध ते दार नाही. म्हणून आईबापांनो, वकिलाकडे कागद देताना यादी करा, प्रत ठेवा, तारीख घाला, सही घ्या.

या जिल्ह्याला हे जमतं, हे आपण पाहिलं आहे. २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनंतर २०२० मध्ये इथल्या दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नींनी आणि एका वाचलेल्या शेतकऱ्यानं सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला दावा नेला. दावा तिथली तीन वर्षांची मुदत संपायच्या आत नेला. निकाल काय लागतो हा वेगळा विषय. पण यवतमाळहून बासेलपर्यंत जाता आलं, कारण घरं एकत्र आली, कागद जपले आणि घड्याळाकडे कुणाचं तरी लक्ष होतं. सेरेब्रल पाल्सीची घरं विखुरलेली असतात, प्रत्येकाला वाटतं आपल्याच नशिबी आलं.

शेवटी जपानचं एक उदाहरण. तिथे २००९ पासून एक योजना आहे. बाळंतपणाशी संबंधित गंभीर सेरेब्रल पाल्सी असेल तर डॉक्टरची चूक सिद्ध न करता कुटुंबाला टप्प्याटप्प्यानं एकूण ३ कोटी येन मिळतात. आपल्याकडे लगेच पैशांचा आकडा डोळ्यांत भरतो. मला दुसरी गोष्ट मोठी वाटते : प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ कारणांचा अहवाल लिहितात आणि तो कुटुंबालाही देतात, दवाखान्यालाही. त्या रात्री काय झालं, हे आईला लेखी कळतं. आपल्याकडे हे विचारायलासुद्धा आईला खटला करावा लागतो. अनेक घरांना खरं तर पैशाआधी तेच हवं असतं.

वेळ झाली आहे, पण दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

एक ताई विचारतात, "पोलिसात तक्रार करू का?" ताई, घाई करू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी अतिशय गंभीर हलगर्जीपणा दाखवावा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत लागतं. संतापाच्या भरात दिलेली तक्रार पडली की पुढच्या दिवाणी प्रकरणात समोरचा वकील तीच पुढे करतो. आधी कागद मागा.

दुसरी चिठ्ठी एका आजोबांची आहे. "केस हरलो तर नातवाचं काय?" आजोबा, हा सर्वांत बरोबर प्रश्न आहे. नातवाचे दिव्यांग म्हणून जे हक्क आहेत, ते कुणाची चूक सिद्ध होण्यावर अवलंबून नाहीत. २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी स्पष्ट लिहिलेली आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली निरामय आरोग्य विमा आहे, १ लाखापर्यंत. आणि नातू अठरा वर्षांचा झाला की त्याचा कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागेल, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. केस चालो न चालो, हे थांबवू नका.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. पेटीत, गादीखाली, पिशवीत जिथे असेल तिथून माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्ज कार्ड, रेफरची चिठ्ठी काढा. त्यांचे फोटो काढा, दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. आणि जे कागद नाहीत, त्यांचा अर्ज उद्या द्या. मुलाचा जन्म कधीचा आहे, ते आधी बघा.